विहिरी, टाक्या आणि उपग्रह : मुंबईच्या उपनगरांतील हिवतापाच्या पाहणीचा इतिहास

इ. स. १९११ मध्ये हिंदुस्थानातील हिवतापासंबंधी दोन अहवाल प्रसिद्ध झाले. पहिला पंजाबातील हिवतापाविषयी होता व तो एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी सिद्ध केला होता. दुसरा चार्ल्स बेंटली यांचा. त्याचा विषय मुंबई शहरातील हिवतापाची कारणे हा होता. दोघांनाही रॉस यांचा १८९७ चा शोध मान्य, आणि दोघांसमोरचा शत्रूही एकच. तथापि दोघांनी निवडलेल्या वाटा अगदी भिन्न होत्या. क्रिस्टोफर्स यांनी सबंध प्रांत एकाच दृष्टिक्षेपात घेतला. पावसाळ्यातील पर्जन्यमान, पुराखाली गेलेला मुलूख, धान्याचे भाव आणि शरद ऋतूतील मृत्युसंख्या यांची त्यांनी सांगड घातली व १९०८ च्या भयंकर साथीची कारणे त्यांतून उलगडून दाखविली. बेंटली मात्र गल्लीबोळांतून हिंडले आणि विहिरींत वाकून पाहत गेले.

कीटकवाहित रोगांच्या अभ्यासात गेल्या अर्धशतकात उपग्रहाचे जे साहाय्य मिळू लागले, त्याची कुळी शोधू जाता ती क्रिस्टोफर्स यांच्यापाशी जाते. पाऊस, तापमान, वनस्पतींचे आच्छादन, पाणथळ भूमी ही उपग्रहाची सामग्री. आणि तीच पंजाबच्या अहवालाची सामग्री होती. मुंबई व तिची उपनगरे यांचा अनुभव मात्र बेंटलींच्या वाटेने जातो. या दोन परंपरांचा मेळ अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर यांसारख्या वस्त्यांत कसा बसतो, किंवा बसत नाही, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. कीटकनाशक खात्याचा माणूस सकाळी कोणत्या दिशेला धाडावयाचा, आणि रोगाचा ठपका कोणत्या भूमीवर व कोणत्या लोकांवर ठेवावयाचा, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

भूमीवर ठपका ठेवण्याची रीत जुनी आहे. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘दूषित हवा’ असा असून, डासाचा संबंध सिद्ध होण्यापूर्वी दलदल, खाजण, कुजणारा पाला आणि नव्याने उकरलेली माती यांनाच तापाचे कारण समजत. साष्टी बेटाचा लौकिक या दृष्टीने फारसा चांगला नव्हता. अंधेरीजवळ मरोळच्या परिसरात जेझुइटांनी १५७९ मध्ये उभारलेले सेंट जॉन बॅप्टिस्टचे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडले व वस्तीने आपले देवालय मरोळ गावात नेले, अशी तेथील परंपरा आहे. त्या चर्चचे भग्नावशेष आज सीप्झच्या आवारात, निर्यातीचा माल सिद्ध करणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी उभे आहेत. गाव उठले ते ‘जागा वाईट’ म्हणून. जागेतील नेमके काय वाईट, हे विचारण्याचे साधन त्या काळी नव्हते.

साष्टीची रचना येथे थोडी विस्ताराने पाहावयास हवी, कारण पुढील विवेचनाचा आधार तीच आहे. बेटाच्या मधोमध कान्हेरीचा डोंगराळ प्रदेश असून त्याच्या कुशीत विहार, तुळशी आणि पवई ही तीन तळी आहेत. तिन्ही मनुष्याने बांधलेली. विहारचे पाणी १८६० मध्ये शहरात पोचले, तुळशीचा तलाव १८७९ मध्ये व पवईचा १८९० च्या सुमारास पुरा झाला. डोंगरातून निघालेल्या दहिसर, पोईसर व ओशिवरा या नद्या पश्चिमेच्या समुद्राकडे वाहतात. विहार आणि पवई यांच्या सांडव्यातून मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते. पूर्वेस ठाण्याची खाडी, तिच्या काठाने तिवरांची राने आणि मुलुंड-भांडुपकडची मिठागरे. या डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी एका लोहमार्गावर अंधेरी व बोरिवली, आणि पूर्वेस दुसऱ्या लोहमार्गावर घाटकोपर व मुलुंड. डोंगर, ओढे, तळी, खाजणे, भातखाचरे आणि गावठाणे इतके विविध पाणी इतक्या लहान क्षेत्रात क्वचितच एकत्र सापडेल. वरून पाहणाऱ्यास हा मुलूख डासांचे माहेरघर वाटावा, यात नवल नाही.

परंतु डासांच्या सर्वच जाती सर्व पाण्यांत वाढत नाहीत आणि सर्वच जाती हिवताप वाहून नेत नाहीत. सह्याद्रीच्या ओढ्यांत वाढणारा अॅनाफिलीस फ्लुव्हिअॅटिलिस, भातखाचरे व पाटांचे पाणी यांत वाढणारा अॅनाफिलीस क्युलिसिफेसीज, आणि शहरातील अॅनाफिलीस स्टीफेन्सी यांची राहणी अगदी निरनिराळी आहे. यांपैकी स्टीफेन्सीचा शास्त्रीय परिचय जगाला महाराष्ट्राच्या भूमीवरूनच झाला, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्याही फारशी ध्यानात राहिलेली नाही. वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे डासांची निरीक्षणे करून डॉ. ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

हेच लिस्टन पुढे मुंबईस आले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ओळखलेल्या प्लेगाने तोवर शहराची घडी विसकटून टाकली होती. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असा शिक्का घरांवर मारणे हा त्या काळातील रोगाचा जणू नकाशाच होता. भिंतीवरच काढलेला नकाशा. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये प्रतिपादिले होते. मुंबईत लिस्टन यांनी व पुढे प्लेग संशोधन आयोगाने प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. दोष भिंतीचा नव्हे, उंदराच्या अंगावरील किड्याचा, हे ठरल्यावर घरावरील शिक्क्याचे प्रयोजन उरले नाही. शहर सोडून मोकळ्या जागेत जावे ही वृत्ती मात्र टिकली आणि साष्टीच्या उपनगरांच्या वाढीला तिने हातभार लावला. ज्या भूमीला तापाची म्हणून नावे ठेवली जात, तिच्याचकडे लोक निरोगी हवेसाठी जाऊ लागले!

बेंटलींच्या अहवालाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर नीट कळते. दलदल किंवा भातशेती यांचा लवलेश नसलेल्या, दगडी इमारतींनी गजबजलेल्या कोटभागात हिवताप का असावा, या कोड्याचे उत्तर त्यांना विहिरींत मिळाले. घरांच्या चौकातील, वखारींतील, देवस्थानांच्या आवारातील विहिरी हे स्टीफेन्सीचे मुख्य उत्पत्तिस्थान असल्याचे त्यांनी दाखवून दिले. विहारचे पाणी नळाने येऊन पन्नास वर्षे झाली होती, तरीही विहिरी बुजल्या नव्हत्या. नळाच्या पाण्याने तहान भागे. पण पूजेला, स्नानाला, नवसाला विहीरच लागे. ज्या समाजात जलाशयाला देवत्व आहे त्या समाजात विहिरीवर कायमचे झाकण घालणे म्हणजे केवळ स्थापत्याचे काम नव्हे. पारशी, हिंदू व मुसलमान या सर्वांकडून हरकती आल्या. रुस्तम पेस्तनजी मसानी हे त्या काळी महापालिकेचे चिटणीस होते व पुढे तिचे आयुक्त झाले. विहिरी बुजविण्याच्या या मोहिमेत कानी पडलेल्या समजुतींतूनच विहिरींच्या लोककथांवरचा त्यांचा १९१८ चा ग्रंथ उभा राहिला. आरोग्यखात्याच्या कामातून लोकसाहित्याचा ग्रंथ निपजावा, हा मुंबईच्या इतिहासातील एक गमतीचा योग होय.

बेंटली यांना सर्वत्र विहिरीच दिसत होत्या, असे मात्र समजू नये. पुढे बंगालच्या आरोग्यखात्याचे प्रमुख असता त्यांनी रेल्वेचे बांध, अडलेले पूर आणि शेतीची अवनती यांच्याशी हिवतापाचा संबंध जोडला. १९२५ मध्ये त्यांनी त्या विषयावर ग्रंथही लिहिला. म्हणजे एकाच संशोधकाने बंगालमध्ये भूमीच्या रचनेत आणि मुंबईत घराच्या चौकात कारण शोधले. जागा बदलली तशी त्यांची पद्धतीही बदलली. उपग्रहचित्रांचा उपयोग करणाऱ्यांनी बेंटलींकडून घ्यावयाचा धडा आहे तो हाच.

१९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईतील हिवतापाची पुन्हा पाहणी केली. वाहक तोच होता. परंतु आता विहिरींच्या जोडीला टाक्या, हौद, कारंजी आणि गिरण्यांच्या आवारातील पाणीसाठे यांचे महत्त्व पुढे आले. इमारती उंच झाल्या तसा डासही वर चढला, असे म्हणावयास हरकत नाही. याचे मूळ पाण्याच्या पुरवठ्यात आहे. नळाला चोवीस तास पाणी असते तर साठविण्याची गरज पडती ना. पाणी ठरावीक वेळी येते म्हणून तळाशी एक टाकी, तेथून पंपाने चढवून गच्चीवर दुसरी, शिवाय घराघरांतून पिंपे व हंडे. स्वच्छ, स्थिर, सावलीतले पाणी स्टीफेन्सीला प्रिय, आणि नागरिकालाही तेच हवे असते. डासाची आणि माणसाची आवड येथे एकच ठरते.

बेंटली व कॉव्हेल यांच्या या पाहण्या मुंबई बेटापुरत्या होत्या. साष्टी तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. १९२० मध्ये वांद्रे हे मुख्य ठिकाण धरून उपनगर जिल्हा निर्माण झाला. महापालिकेची हद्द १९५० मध्ये पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत, आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. शहराच्या बेटाचे कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेले अत्यंत तपशीलवार मोजमाप उपलब्ध आहे; विहिरीच काय, चौकांची रचनाही त्यावरून कळते. साष्टीतील गावांसाठी या तोलाचा नकाशा नाही, आणि बेंटलीही नाही. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या विहिरींचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्यामुळे महसुली कागदपत्रे, स्थानिक नगरपालिकांची दप्तरे आणि गावठाणांतील स्मृती यांवर विसंबावे लागते.

उपनगरे महापालिकेत आली तो काळ डीडीटीचा होता. पूर्वीच्या मुंबई प्रांतात डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच धारवाड व कारवारकडील भागांत फवारणीचे मोठे प्रयोग झाले होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखाच्या घरात उतरली. विजय हाताशी आल्याचा समज झाला तो तेव्हा. परंतु १९७६ मध्ये हीच संख्या चौसष्ट लाखांवर गेली. खेड्यांतील भिंतींवर फवारलेले औषध शहरांतील टाक्यांपर्यंत पोचणारे नव्हते, आणि म्हणूनच १९७१ मध्ये शहरी हिवतापासाठी वेगळी योजना आखावी लागली होती. अळ्या मारणे, साठे झाकणे आणि गप्पी मासे सोडणे हा तिचा गाभा होता. मुंबईपुरते बोलावयाचे तर ही योजना म्हणजे बेंटलींच्या मार्गावर परतणेच होते. १८८८ च्या महापालिका कायद्यातही टाक्या-विहिरींच्या मालकांवर जबाबदारी टाकणारी कलमे होतीच. डासोत्पत्तीच्या नोटिसा आजही त्याच कायद्याखाली निघतात.

याच सुमारास आकाशातून पाहण्याच्या साधनांनी मोठी मजल मारली. १९७० च्या आसपास अमेरिकेत विमानातून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांवरून डासांची उत्पत्तिस्थाने ओळखता येतात काय, याचे प्रयोग सुरू झाले. जुलै १९७२ मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह सोडण्यात आला. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह मार्च १९८८ मध्ये कक्षेत गेला. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात लँडसॅटच्या चित्रांवरून पाणथळ व पडीक गायराने यांचे प्रमाण मोजून, कोणत्या खेड्यांत अॅनाफिलीस अल्बिमॅनसची संख्या अधिक असेल हे बऱ्याच अचूकतेने सांगता येते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. दिल्लीच्या हिवताप संशोधन केंद्रातील संशोधकांनी भारतीय उपग्रहांच्या चित्रांवरून दिल्लीच्या परिसरातील जलाशय, वनस्पती व डासांचे प्रमाण यांचा संबंध तपासला. तो अभ्यास १९९६ चा. या सर्व कामांमागील तर्क सरळ आहे. डास स्वतः दिसत नाही. परंतु ज्या भूमीत तो वाढतो ती दिसते. भूमीचे वर्गीकरण नीट झाले तर डासाचे अनुमान करता येते.

चियापासमध्ये हे अनुमान खरे ठरले, कारण तेथील डास उघड्या भूमीवरच्या पाण्यात वाढत होता. मुंबईत अडचण येते ती येथे. आयआरएस-१ए वरील पहिल्या कॅमेऱ्याच्या चित्रातील एक बिंदू जमिनीवरील सुमारे ७२.५ मीटर लांबी-रुंदीचा होता, म्हणजे पाच हजार चौरस मीटरांहून अधिक. लँडसॅटच्या पुढील पिढीचा बिंदू ३० मीटरांचा, म्हणजे ९०० चौरस मीटरांचा. गच्चीवरील टाकी काही चौरस मीटरांची असते आणि तिच्या झाकणाची फट बोटभर असते. २००७ नंतर कार्टोसॅट-२ सारख्या भारतीय उपग्रहांची चित्रे एका मीटरहूनही सूक्ष्म झाली. त्यांत टाकी दिसू शकते. पण टाकी दिसणे आणि टाकीतील अळी दिसणे यांत अंतर आहे. झाकण घट्ट आहे की सैल, जाळी फाटली आहे की शाबूत, हे शिडी लावून वर चढल्यावाचून कळत नाही. तळघरातील टाकी तर आकाशाला कधी दिसणारच नाही.

ऋतूचीही अडचण आहे. मुंबईत हिवतापाचा जोर जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत असतो, आणि नेमका याच काळात आकाश ढगांनी झाकलेले असते. साध्या प्रकाशावर चालणारे कॅमेरे पावसाळ्यात बहुतेक निरुपयोगी होतात. चित्रे मिळतात ती उन्हाळ्याची, जेव्हा ओढे कोरडे असतात. २०१२ मध्ये सोडलेल्या रिसॅट-१ सारख्या रडारधारी उपग्रहांनी ढगांतून पाहण्याची सोय केली आणि पुराच्या पाण्याचा विस्तार त्यांतून चांगला कळतो. पण दाट उंच इमारतींत रडारचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात व लहानसहान डबकी त्या गोंधळात हरवतात. पावसाळ्यापूर्वी घाटकोपरच्या टेकड्यांवरील झोपड्यांच्या छपरांवर निळी ताडपत्री चढते. सूक्ष्म चित्रांत ही निळाई स्पष्ट उमटते. ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेल्या जुन्या टायरांत पाणी साचते आणि तेथे डेंग्यूचा एडिस डास वाढतो. टायराच्या पोटातील ते पाणी मात्र चित्रात येत नाही.

मग उपग्रहाचा उपयोग काय? तो आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तर विशेषच आहे. ज्या उपनगरांना लॉटनचा नकाशा लाभला नाही त्यांच्या भूमीतील बदलांची सलग नोंद १९७२ पासून या चित्रांत साठलेली आहे. अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोव्याची पाणथळ भूमी भरून १९८० च्या आसपास उभी राहिलेली वसाहत, बोरिवली-कांदिवलीकडे १९८५ नंतर गोराई व चारकोप येथे आखलेले भूखंड, मुलुंडमध्ये कारखान्यांच्या जागी उठलेले मनोरे, घाटकोपरच्या उतारांवर चढत गेलेल्या झोपड्या, या साऱ्यांचे टप्पे वर्षावर्षाने मोजता येतात. पाऊस व तापमान यांची माहितीही उपयोगाची आहे. व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीची डासाच्या शरीरातील वाढ साधारण १६ अंशांखाली थांबते. मुंबईत तसा थंडावा फार दिवस टिकत नाही. त्यामुळे येथे तापमान क्वचितच आड येते. निर्णायक ठरते ती पावसाळी आर्द्रता, जिने डासाचे आयुष्य लांबते. उपग्रहाची चित्रे ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर चांगले देतात. ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर ती मोघम देतात, आणि मुंबईत तेवढ्याने भागत नाही.

२०१० चे वर्ष या बाबतीत बोलके आहे. त्या वर्षी मुंबईत हिवतापाचे सुमारे ७६ हजार रुग्ण नोंदले गेले आणि शंभराहून अधिक मृत्यू झाले. ती वाढ कोणत्याही दलदलीतून उगवली नव्हती. परळ-वरळीच्या गिरणगावात आणि उपनगरांत इमारतींची कामे धडाक्याने चालली होती. पायाच्या खड्ड्यांत, तळघरांत, ओल्या लादीवर, सिमेंटच्या कामासाठी ठेवलेल्या पिंपांत पाणी होते, आणि त्याच जागी देशाच्या हिवतापग्रस्त भागांतून आलेले मजूर झोपत होते. परजीवी, डास आणि उघडे अंग ही तिन्ही एकाच कुंपणात गोळा झाली. शंभर वर्षांपूर्वी बेंटली मुंबईत हिंडत होते तेव्हाही अलेक्झांड्रा गोदीचे प्रचंड बांधकाम चालू होते व बाहेरगावचे मजूर शहरात दाटले होते. ती गोदी १९१४ मध्ये खुली झाली. मुंबईचा हिवताप बांधकामाच्या मागोमाग चालतो, या विधानाला इतका भक्कम आधार असूनही जोखमीचे नकाशे करणाऱ्यांनी बांधकामाचा परवाना हा घटक पुष्कळदा गौण मानला आहे. २०१० नंतरच्या मोहिमेचा भर बांधकामांची तपासणी, मजुरांची रक्ततपासणी आणि टाक्यांची झाकणे यांवर राहिला. २०१९ पर्यंत रुग्णसंख्या पाच हजारांच्याही खाली आली, जरी रोग नाहीसा झाला नाही.

आता ठपक्याचा प्रश्न. केवळ ओलावा, हिरवाई व पाणी यांच्या आधारे उपनगरांचा जोखीमदर्शक नकाशा रंगविला, तर सर्वांत गडद रंग कोठे पडेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यातील आदिवासी पाडे, तिन्ही तळ्यांचे काठ, ठाणे खाडीची तिवरे आणि मुलुंडची मिठागरे ही सारी लाल होतील. अंधेरीतील बावीस मजली इमारत फिकट राहील, कारण वरून ती कोरडी सिमेंटची दिसते. स्टीफेन्सीच्या दृष्टीने वस्तुस्थिती बहुधा उलट आहे. भरती-ओहोटीने धुतली जाणारी तिवरे व मिठागराचे खारट पाणी हे त्याचे आवडते स्थान नव्हे. असे असूनही ‘डास होतात’ म्हणून तिवरे तोडावीत, खाजणे भरून काढावीत, अशी मागणी उपनगरांत वारंवार होते. दूषित हवेच्या जुन्या कल्पनेला रंगीत नकाशाचे नवे अंगरखे चढले, तर त्या मागणीला शास्त्राचा आधार असल्याचा भास होईल. भरून काढलेल्या खाजणावर इमारत उठेल, इमारतीवर टाकी बसेल, आणि डासाला पूर्वी नसलेले घर मिळेल.

पाडे आणि डोंगरकाठच्या वस्त्या यांत हिवताप नसतोच, असे अर्थातच म्हणावयाचे नाही. ओढ्यांच्या काठी निराळ्या जातींचे डास असतात आणि तेथे भूमीचा नकाशा उपयोगी पडतो. बोरिवलीच्या एकाच प्रभागात, म्हणजे आर-मध्य विभागात, डोंगराकडची बाजू चियापाससारखी आणि स्थानकाकडची बाजू कोटभागासारखी असू शकते. दोन्हींना एकच मापदंड लावणे हे खरे संकट आहे.

डेंग्यूच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. अॅनाफिलीस रात्री चावतो, म्हणून हिवतापाच्या रुग्णाचा घरचा पत्ता नकाशावर मांडण्यास काही अर्थ असतो. एडिस दिवसा चावतो. मुलुंडला राहून अंधेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला डेंग्यू झाला तर नकाशावर ठिपका टी विभागात पडतो. डास कदाचित के-पूर्व विभागातील कचेरीच्या फुलदाणीत वाढलेला असतो. शाळेतील मुलांचेही तेच. विभागवार रुग्णसंख्येचे नकाशे उपग्रहचित्रांवर चढवून संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत ही बाब नेहमी तपासली जाते असे दिसत नाही, आणि मग हिरवाई व डेंग्यू यांत असा संबंध सापडतो की जो वस्तुतः लोकलगाडीच्या वेळापत्रकाशी असावा.

मुंबईच्या या अनुभवाला अलीकडे अनपेक्षित महत्त्व आले आहे. एलिचपूरला प्रथम वर्णिलेला स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला, २०१६ मध्ये इथिओपियात, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्याविषयी इशारा प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील हिवतापाचे नकाशे आजवर मुख्यतः ग्रामीण, पावसाच्या डबक्यांत वाढणाऱ्या डासांना गृहीत धरून आखलेले होते. शहरे त्यांत तुलनेने सुरक्षित रंगाची असत. तेथील पथके आता बांधकामावरचे हौद व घरांच्या टाक्या तपासू लागली आहेत. कॉव्हेल यांनी १९२८ मध्ये मुंबईत केलेले काम त्यांना नव्याने करावे लागत आहे.

येथील संशोधकांपुढचे काम अधिक सोपे, परंतु अधिक कंटाळवाणे आहे. १९७२ पासूनची चित्रे सहज मिळतात. त्यांच्या शेजारी ठेवावयाची दप्तरे विभाग कार्यालयांत आहेत : टाक्या तपासल्याची नोंदपुस्तके, डासोत्पत्तीच्या नोटिसा, बांधकामाच्या परवान्यांची यादी, पाणी सोडण्याच्या वेळांचे तक्ते. के-पूर्व, आर-मध्य, टी आणि एन या चार विभागांपुरती जरी ही दप्तरे चित्रांशी तारीखवार जुळविली, तरी अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर यांच्या हिवतापाचा असा इतिहास हाती येईल की ज्यात भूमी आणि टाकी दोन्ही एकाच पानावर दिसतील. चित्रे दर काही दिवसांनी नवी येतात. नोंदपुस्तके मात्र जुनी झाली की रद्दीत जातात.